रिक्वायरमेंट, स्पेक, व्हेरिफिकेशन, ट्रेसेबिलिटी: गच्चीवरच्या टाकीपासून मंगळापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिझाइन किंवा कोडिंगमधून सिस्टिम्स टीममध्ये आलेल्या माणसाच्या कानावर नीड, रिक्वायरमेंट, स्पेक, डिराइव्हड, अलोकेशन, इंटरफेस, व्हेरिफिकेशन, व्हॅलिडेशन, ट्रेसेबिलिटी, बेसलाइन असे शब्द एकदम पडतात. सिस्टिम आणि रिक्वायरमेंटच्या कामासाठीच्या आयएसओच्या १५२८८ आणि २९१४८ या मानकांतल्या व्याख्या वाचून झाल्या, पण प्रत्यक्ष कामात हे शब्द एकमेकांपासून नेमके कुठे वेगळे होतात?

त्या व्याख्या चुकीच्या नाहीत. विमानापासून बँकेच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळ्यांना लागू पडाव्यात म्हणून त्या फार वरून लिहिल्या आहेत, एवढंच. त्यामुळे एक लहान सिस्टिम धरतो आणि तिच्यावर एकेक शब्द लावून बघतो: २४ फ्लॅटच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीत आपोआप पाणी चढवणारा कंट्रोलर. टाकी आतून २.५ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर उंच, म्हणजे १०,००० लिटर. ३ एचपीची मोटार मिनिटाला २०० लिटर पाणी वर टाकते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी वापरला जाणारा माणशी १३५ लिटरचा निकष आणि घरटी चार माणसं धरली, तर रोजची गरज सुमारे १३,००० लिटर होते.

पहिला वाद सीमेचा. आपली सिस्टिम म्हणजे फक्त पॅनेल, की पॅनेल, फ्लोट (पाण्यावर तरंगून पातळी कळवणारा स्विच) आणि वायरिंग, की मोटारसुद्धा? ज्याची जबाबदारी आपल्याकडे आहे आणि ज्याचं डिझाइन आपण बदलू शकतो, ते आत. मोटार सोसायटीची आधीपासूनची असेल तर ती बाहेर, आणि तिचं ३ एचपी असणं ही आपली रिक्वायरमेंट नसून अट, म्हणजे कन्स्ट्रेंट. महावितरणची वीज, महापालिकेचं पाणी, वॉचमन आणि रहिवासी हेही बाहेर, पण ज्यांच्याशी आपला व्यवहार होतो असे. कागदावर एक गोल काढा, आत आपल्या वस्तू, बाहेर या सगळ्या, आणि गोल ओलांडणारी प्रत्येक रेघ म्हणजे एक बाह्य इंटरफेस. हे चित्र काढायला अर्धा तास लागतो. ते न काढल्यामुळे ‘आम्हाला वाटलं स्टार्टर तुमच्याकडे आहे’ हे वाक्य शेवटच्या महिन्यात ऐकावं लागतं.

आता गरज आणि रिक्वायरमेंट. ‘टाकी वाहून जाऊ नये आणि सकाळी सहाला नळाला पाणी असावं’ ही गरज. ती रहिवाशाच्या भाषेत आहे, तिच्यात आकडा नाही, आणि ती सोसायटीच्या सगळ्या व्यवस्थेकडून आहे, एकट्या कंट्रोलरकडून नाही. महापालिकेचं पाणीच आलं नाही तर कंट्रोलर काय करणार? रिक्वायरमेंट ही त्या गरजेतून आपल्या सिस्टिमच्या वाट्याला आलेली, तपासता येईल अशी ओळ. रूपांतर करताना शर्ती आणि मर्यादा स्पष्ट कराव्या लागतात. २९१४८ मधल्या व्याख्येचाही भर तिथेच आहे.

हे रूपांतर किती नीट करावं लागतं ते बघा. टाकीचा तळ ५ चौरस मीटर आहे, म्हणजे मिनिटाला २०० लिटर पडले की पातळी ४ सेंटिमीटरने चढते. ओव्हरफ्लोच्या पाइपाची खालची कड १८५ सेंटिमीटरवर आहे असं धरा. मोटार थांबवायची पातळी १७५ वर ठेवली, तर त्या पातळीपासून पाणी वाहायला लागेपर्यंत अडीच मिनिटं हातात आहेत. तरीही अशा कागदांवर सर्रास ‘पातळी गाठताच मोटार तत्काळ बंद’ किंवा ‘१ सेकंदात बंद’ असं लिहिलेलं सापडतं. वरून पडणाऱ्या पाण्याने टाकीत लाटा उठतात आणि फ्लोट खालीवर नाचतो. १ सेकंदाची अट पाळायची म्हटली तर लाटा गाळायला वेळच उरत नाही. मग पातळी खरोखर १७५ ला पोचायच्या आधीच मोटार बंद पडते किंवा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, खडखडत राहतो. कडक आकडा म्हणजे चांगला आकडा, हा गैरसमज या धंद्यात सगळ्यात महाग पडतो. ३० सेकंद दिले तर पातळी फक्त २ सेंटिमीटरने वाढते. तेवढं पुरे आहे, आणि का पुरे आहे ते गणित शेजारी लिहून ठेवता येतं.

मग ओळ अशी होते:

टीसी-०१२: जेव्हा वरच्या टाकीतली पातळी १७५ सेंटिमीटर होते, तेव्हा कंट्रोलर ३० सेकंदांच्या आत मोटारीचा वीजपुरवठा तोडेल.

कर्ता स्पष्ट आहे, घटना स्पष्ट आहे, प्रतिसाद एकच आहे आणि वेळ मोजता येते. मराठीत लिहिताना इथे एक खास खड्डा आहे. ‘पातळी गाठल्यावर मोटार बंद करावी’ हे वाक्य कानाला अगदी बरोबर लागतं, पण त्यात कर्ताच नाही. कंट्रोलरने करावी की वॉचमनने? शिवाय ‘करावी’ ही आज्ञा आहे की सूचना, हेही वाचणाऱ्यावर सोडलेलं आहे. सरकारी निविदांमध्ये ‘बंधनकारक राहील’ हा जड वाक्प्रचार दिसतो तो याच संदिग्धतेवरचा उतारा. इंग्रजी कागदपत्रांत ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक, ‘शुड’ म्हणजे इष्ट आणि ‘मे’ म्हणजे मुभा अशी वाटणी ठरलेली असते. मराठीत लिहायचं तर पहिल्याच पानावर ठरवून टाका: ‘करेल’ म्हणजे बंधनकारक, बाकी सगळं माहितीपर.

उलट वाक्याच्या सांगाड्याच्या बाबतीत मराठी सोयीची आहे. रोल्स-रॉइसमधल्या अ‍ॅलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘इअर्स’ नावाची पद्धत मांडली. रिक्वायरमेंटचे मोजके साचे ठरवायचे आणि त्याबाहेर लिहायचं नाही, इतकी ती साधी आहे. नेहमी लागू असणारी ओळ बिनशर्त लिहायची. घटना असेल तर जेव्हा-तेव्हा, अवस्था असेल तर जोपर्यंत-तोपर्यंत, बिघाड किंवा नको असलेली परिस्थिती असेल तर जर-तर, आणि एखादा पर्यायी भाग असेल तर जिथे-तिथे. या जोड्या मराठीत आधीपासून बसलेल्या आहेत. साच्यात लिहायला लागलात की जर-तरच्या ओळी किती कमी आहेत ते आपोआप उघडं पडतं. पहिल्या मसुद्यात बहुतेक सगळ्या ओळी ‘जेव्हा’च्या असतात, म्हणजे सगळं सुरळीत चालू असतानाच्या. खालची टाकी कोरडी पडली तर? तीनपैकी एक फेज गेली तर? मोटार चालू असून पातळी वाढतच नसेल तर?

‘स्पेक’ या शब्दाबद्दल फार नाही. स्पेसिफिकेशन म्हणजे एका वस्तूसाठी मंजूर झालेल्या रिक्वायरमेंटचा संच. फ्लोट स्विचच्या कंपनीने छापलेलं डेटाशीट हा स्पेक नव्हे. बाजारात काय मिळतं ते डेटाशीट सांगतं, आपल्याला काय हवंय ते स्पेक सांगतो. डेटाशीटमधले आकडे जसेच्या तसे उचलून रिक्वायरमेंट केले की पुढे दुसरा पुरवठादार घेताच येत नाही, कारण त्याचा फ्लोटही पहिल्याच्याच आकड्यांवर तपासला जातो.

पुढे वाटप, म्हणजे अलोकेशन. टीसी-०१२ मधले ३० सेकंद एकट्या कोणाचे नाहीत. फ्लोट आणि त्याचं गाळण १५ सेकंद घेईल, पॅनेलचा निर्णय ५ सेकंद, कॉन्टॅक्टर १ सेकंद. झाले २१, हाती राहिले ९. हे ९ सेकंद म्हणजे मार्जिन, आणि ते कोणाच्याही मालकीचं नसतं. ते सिस्टिम्सवाल्याच्या खिशात राहतं आणि मागणी आल्यावर, कारण लिहून, दिलं जातं. प्रत्येक टीमने आपापलं मार्जिन आपल्याच आकड्यात लपवलं की बेरीज कधीच जमत नाही आणि का जमत नाही तेही कळत नाही. विकासाच्या काळात असा एखादा आकडा महिन्यागणिक मोजत राहणं म्हणजे टीपीएम, टेक्निकल परफॉर्मन्स मेजर. याचे दोन भाऊबंद आहेत. ‘महिन्यात किती दिवस सकाळी सहाला नळ कोरडा होता’ हा रहिवाशाच्या नजरेतला मोजमापाचा आकडा, त्याला एमओई, मेजर ऑफ इफेक्टिव्हनेस म्हणतात. ‘मोटार थांबायला किती सेकंद लागले’ हा सिस्टिमचा आकडा, तो एमओपी, मेजर ऑफ परफॉर्मन्स.

वाटप करताना नव्या ओळी जन्माला येतात. त्यांना डिराइव्हड म्हणतात आणि इथे दोन गटांत गोंधळ होतो. सिस्टिम्सवाले सहसा वरच्या ओळीतून आणि डिझाइनच्या निर्णयातून निघालेल्या कुठल्याही ओळीला डिराइव्हड म्हणतात, जसे फ्लोटचे १५ सेकंद. विमानाच्या सॉफ्टवेअरच्या डीओ-१७८सी या मानकात अर्थ जवळजवळ उलटा आहे: जी ओळ वरच्या कुठल्याच रिक्वायरमेंटला थेट जोडता येत नाही किंवा वरच्यापेक्षा जास्तीचं वर्तन सांगते, ती डिराइव्हड. आणि ती सुरक्षेच्या मूल्यमापनाकडे पाठवावीच लागते, कारण वरच्या कोणी ती पाहिलेली नसते. दोन्ही गट एका टेबलावर असतील तर हा शब्द वापरण्याआधी कोणत्या अर्थाने ते विचारून घ्या.

इंटरफेस जवळून पाहण्यासारखा आहे, कारण सिस्टिम बहुधा तिथेच मोडते. गच्चीवरचा फ्लोट आणि तळमजल्यावरचं पॅनेल यांत ४५ मीटर वायर आहे. इंटरफेसच्या कागदावर सहसा ‘२४ व्होल्ट डीसी, दोन तारा, ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतः वीज न देणारा साधा स्विच)’ इतकंच असतं. पण कॉन्टॅक्ट बंद, म्हणजे जोडलेला, असणं म्हणजे टाकी भरलेली की रिकामी? हे लिहिलेलं नसेल तर दोन्ही बाजू आपापला सोयीचा अर्थ धरतात आणि दोघांच्याही चाचण्या पास होतात. खरा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. उंदराने वायर कुरतडली तर पॅनेलला काय दिसेल? तुटलेली वायर म्हणजे उघडा कॉन्टॅक्ट. म्हणून उघडा म्हणजे ‘भरली’ असा अर्थ ठेवायचा. वायर तुटली की मोटार थांबेल, लोक पाणी नाही म्हणून तक्रार करतील आणि वायरमन येईल. उलटा अर्थ ठेवला तर वायर तुटल्याचं कोणालाच कळणार नाही, आणि रात्रभर पाणी गच्चीवरून वाहत राहील. कागदावर लिहायची ओळ अशी: ‘उघडा कॉन्टॅक्ट = पातळी १७५ सेंटिमीटर किंवा जास्त, अथवा वायर तुटलेली.’ इंटरफेसची व्याख्या एकाच कागदात, एकाच मालकाकडे असते. दोन्ही बाजूंच्या स्पेकमध्ये त्या कागदाकडे बोट दाखवणारी एकेक ओळ असते. आकडे दोन्हीकडे उतरवून काढले की सहा महिन्यांत ते वेगळे झालेले असतात.

आता प्रत्येक रिक्वायरमेंटबरोबर भरायच्या खान्यांतला सगळ्यात दुर्लक्षित खाना: ‘कारण’. रिक्वायरमेंट ठेवायच्या टूलमध्ये याला रॅशनाल म्हणतात. क्रमांक, मालक, स्थिती, प्राधान्य, तपासणीची पद्धत हे खाने लोक भरतात, आणि कारण रिकामं सोडतात किंवा तिथे ‘ग्राहकाच्या मागणीनुसार’ असं लिहून मोकळे होतात. मार्स पोलर लँडरचं जे झालं ते या रिकाम्या खान्याचं उदाहरण म्हणून वाचावं.

नासाचं हे यान ३ डिसेंबर १९९९ रोजी मंगळावर उतरताना हरवलं. चौकशी मंडळाने सर्वात संभाव्य म्हणून दिलेलं कारण असं आहे. यानाला तीन पाय होते आणि प्रत्येक पायात जमिनीला टेकल्याची खूण देणारा एक सेन्सर होता. खूण मिळाली की उतरणीची इंजिनं बंद करायची. पाय घडी घालून ठेवलेले होते आणि ते जमिनीपासून साधारण १५०० मीटर उंचीवर उघडणार होते. उघडतानाच्या झटक्याने सेन्सर क्षणभर ‘टेकलो’ अशी खोटी खूण देऊ शकतात, हे चाचण्यांमधून माहीत होतं. म्हणून सिस्टिमच्या पातळीवरच्या रिक्वायरमेंटमध्ये म्हटलं होतं की सेन्सर आधीपासून वाचत राहायचे, पण ठरावीक उंचीच्या खाली येईपर्यंत ती माहिती वापरायची नाही. प्रत्यक्षात ती उंची ४० मीटर ठेवली होती.

ही ओळ सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये उतरताना सेन्सर वाचण्याचा भाग उतरला, लागोपाठ दोन वाचनांत खूण दिसली तरच ती धरायची हा नियमही उतरला. पण उंचीच्या अटीमागचं कारण, म्हणजे पाय उघडतानाची खोटी खूण, वरच्या ओळीतसुद्धा शब्दांत लिहिलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना असल्या खुणेपासून बचाव करायचा आहे हे दिसलंच नाही. १५०० मीटरवर आलेली खोटी खूण प्रोग्रॅमने लक्षात ठेवली, आणि ४० मीटरवर सेन्सरची माहिती वापरायला परवानगी मिळताच जुनीच खूण वाचून इंजिनं बंद केली, असा निष्कर्ष आहे. त्या वेळी वेग सेकंदाला १३ मीटर होता. उरलेले ४० मीटर यान नुसतं पडलं आणि सेकंदाला सुमारे २२ मीटरने आदळलं. डिझाइनप्रमाणे टेकायचं होतं २.४ मीटरने.

चाचणीत हे का पकडलं गेलं नाही, तेही बघण्यासारखं आहे. पाय उघडण्याची चाचणी झाली होती, पण तेव्हा सेन्सरचं वायरिंग चुकलेलं होतं, त्यामुळे खोटी खूण पुढे पोचलीच नाही. वायरिंग दुरुस्त झालं, मात्र नंतर फक्त टेकण्याचा भाग पुन्हा तपासला. पाय उघडण्याचा भाग पुन्हा तपासला गेला नाही. दुरुस्तीने कोणकोणत्या चाचण्यांचा निकाल बाद होतो हे सांगणारी यादी हातात असायला हवी. ट्रेसेबिलिटीचं हेच काम आहे, त्याकडे पुढे येतो.

याची उलटी बाजू आरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाची, ४ जून १९९६. आधीच्या आरियान ४ मध्ये दिशादर्शक यंत्रणेचं एक जुळवणीचं काम उड्डाणानंतर चाळीसेक सेकंद चालू ठेवलेलं होतं. उलटी गणती अगदी शेवटच्या क्षणी थांबली तर पुन्हा सगळी जुळवणी करायला पाऊण तास किंवा जास्त लागे, तो वाचवण्यासाठी. आरियान ५ मध्ये ते कारण लागूच नव्हतं, पण सॉफ्टवेअरबरोबर ते काम तसंच आलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्या वेगाशी जोडलेला ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही, मुख्य आणि राखीव अशा दोन्ही दिशादर्शक यंत्रणा बंद पडल्या आणि उड्डाणाच्या पहिल्याच मिनिटात रॉकेट गेलं. तिकडे कारण हरवलं म्हणून अट गळली, इकडे कारण संपलं तरी अट राहिली. आपल्या टीसी-०१२ च्या कारणाच्या खान्यात तळाचं क्षेत्रफळ, मिनिटाला ४ सेंटिमीटर आणि १८५ ची कड एवढं लिहिलेलं असेल, तर उद्या ५ एचपीची मोटार बसवणारा माणूस स्वतःच थांबेल.

व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन हे दोन शब्द लोक सुरुवातीला विचारतात, पण वरचं सगळं झाल्याशिवाय त्यांचा उलगडा होत नाही. व्हेरिफिकेशन म्हणजे लिहिलेली रिक्वायरमेंट पूर्ण झाल्याचा वस्तुनिष्ठ पुरावा. पद्धती चार. डोळ्यांनी किंवा साध्या मापाने पाहणं म्हणजे तपासणी: टर्मिनलवर क्रमांकाची पट्टी आहे का. कागदावर गणित म्हणजे विश्लेषण: मोटार १०० सेंटिमीटरला सुरू आणि १७५ ला बंद, म्हणजे एका फेरीत ३,७५० लिटर, १३,००० लिटरला दिवसाला सुमारे चार सुरुवाती, दहा वर्षांत १५,००० च्या आत, ते कॉन्टॅक्टरच्या नोंदवलेल्या आयुष्यात बसतं का. चालवून दाखवणं म्हणजे प्रात्यक्षिक: वॉचमनला कुठल्याही अवजाराशिवाय मॅन्युअलवर घेता येतं का. उपकरण लावून आकडा मोजणं म्हणजे चाचणी: सगळे नळ बंद ठेवून, म्हणजे पातळी सगळ्यात वेगाने वाढत असताना, १७५ पासून मोटार थांबेपर्यंतचे सेकंद. पद्धत ओळ लिहितानाच ठरवा. ठरवता येत नसेल तर बहुधा दोष ओळीत आहे. ‘कंट्रोलर वापरायला सोपा असेल’ याला चारपैकी कोणतीच पद्धत लागत नाही.

व्हॅलिडेशन गरजेशी जोडलेलं असतं, आणि खऱ्या वापरात, खऱ्या माणसांसमोर होतं. आपल्या कंट्रोलरच्या सगळ्या ओळी पास झाल्या असं धरा. रात्री दोनला पातळी १०० वर आली, मोटार सुरू झाली, आणि पंपाच्या खोलीला लागून असलेल्या तळमजल्यावरच्या काकूंची झोप मोडली. दोन रात्री त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी झोपण्याआधी त्यांनी मेन स्विच खाली केला. सकाळी सहाला टाकी रिकामी. टीसी-०१२ तंतोतंत पाळली गेली आणि गरज पूर्ण झाली नाही. चूक चाचणीची नाही, काकूंना स्टेकहोल्डर म्हणून कोणी विचारलं नव्हतं ही आहे. व्हॅलिडेशन शेवटी करायची गोष्ट आहे असं व्ही-मॉडेलच्या (डावीकडे रिक्वायरमेंट उतरत जातात आणि उजवीकडे चाचण्या चढत जातात अशा व्हीच्या आकाराच्या) चित्रावरून वाटतं, कारण ते उजव्या टोकाला वर काढलेलं असतं. रिक्वायरमेंटचा कागद पहिल्यांदा तयार झाला की सोसायटीच्या बैठकीत ‘रात्री दोनला असं होईल, चालेल का?’ एवढं विचारणं हेही व्हॅलिडेशनच, आणि त्याला फक्त चहाचा खर्च.

आता ट्रेसेबिलिटी. गरज, सिस्टिमची ओळ, घटकाची ओळ, डिझाइन, चाचणी यांच्यातले दुवे दोन्ही दिशांनी चालता आले पाहिजेत. वरून खाली चालताना वारस नसलेली ओळ सापडते: गरज आहे, पण ती कोणी उचललेलीच नाही. खालून वर चालताना अनाथ ओळ सापडते: कोणीतरी काहीतरी बनवतंय, पण कशासाठी ते माहीत नाही. अनाथ ओळ लगेच पुसू नका. कधी ती खरंच फुकटची सजावट असते, कधी वर लिहायची राहून गेलेली गरज असते. दुवा आहे म्हणजे अर्थ पोचला असं मात्र नाही. एका वरच्या ओळीला खालच्या आठ ओळी जोडलेल्या असतील, तर त्या आठ मिळून वरची ओळ खरोखर पूर्ण करतात का, हे माणसानेच वाचून ठरवायचं. टूल रिकामा खाना दाखवेल, अर्धवट अर्थ दाखवणार नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेली ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स लगेच ओळखू येते: प्रत्येक ओळीला बरोबर एक चाचणी, आणि चाचणीचं नाव म्हणजे ओळीचीच नक्कल. पुण्यात परदेशी वाहन कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना ऑटोमोटिव्ह स्पाइसच्या, म्हणजे गाड्यांचं सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने बनवलं जातं ते पाहणाऱ्या, मूल्यांकनात याच मुद्द्यावर हटकून प्रश्न येतात, आणि मूल्यांकन करणारा माणूस मॅट्रिक्स बंद करून एक ओळ निवडतो आणि म्हणतो, ‘आता मला हिच्याबरोबर खाली घेऊन चला.’

बेसलाइन म्हणजे एका दिवशी गोठवलेला, सर्वांनी मान्य केलेला संच. त्यानंतरचा बदल ठरलेल्या दारातूनच येतो. गोठवताना काही आकडे ठरलेले नसले तरी चालतं, पण प्रत्येक ‘ठरायचंय’ समोर नाव आणि तारीख हवी. त्यांच्याशिवाय ते तसंच सही होऊन पुढे जातं.

काकूंच्या तक्रारीवर बदल असा येतो: रात्री १० ते सकाळी ५ मोटार सुरू होणार नाही, आणि रात्री ९:३० ला पातळी कितीही असली तरी टाकी १७५ पर्यंत भरली जाईल. ऐकायला दोन ओळींचं काम. दुवे धरून चाला. १०० सेंटिमीटरला सुरू होण्याच्या ओळीला आता वेळेची अट लागली, तिची चाचणी संशयित झाली. डोअर्ससारखी टूल असा दुवा खूण करून दाखवतात. एक्सेलमध्ये तो तुम्हालाच शोधावा लागतो, आणि काहीशे ओळींच्या पुढे ते जमत नाही. रिकाम्या टाकीला १७५ पर्यंत ८,७५० लिटर लागतात, म्हणजे सुमारे ४४ मिनिटं, त्यामुळे ९:३० ला सुरू झालेली मोटार १०:१४ पर्यंत चालू शकते. ‘सुरू होणार नाही’ आणि ‘चालू असणार नाही’ या दोन वेगळ्या ओळी आहेत, कोणती हवी ते काकूंनाच विचारा. शिवाय सुरुवातींची संख्या बदलली, म्हणजे कॉन्टॅक्टरचं विश्लेषण पुन्हा. आणि पॅनेलला आता घड्याळ लागणार. घड्याळाला बॅटरी लागणार, ती किती वर्षं टिकेल याची ओळ लागणार. वीज जाऊन आल्यावर घड्याळ चुकीचं दाखवत असेल तर काय, याची एक जर-तरची ओळ लागणार. तिथे पॅनेलने वेळ विसरून जुन्या पद्धतीने पातळीवर चालायचं की रात्र समजून गप्प बसायचं, हे कंट्रोलरवाल्याने परस्पर ठरवायचं नाही. पहिल्यात काकूंची झोप जाते, दुसऱ्यात २४ घरांचं सकाळचं पाणी जातं.